चौतीस विहिरींच्या गाठी

आबा उलटे चालत होते. दोर वळणाऱ्याला उलटंच चालावं लागतं. सुताचं एक टोक चाकाला अडकवायचं, वाखाचा, म्हणजे घायपाताच्या तंतूंचा, भारा कमरेला गुंडाळायचा आणि बोटांतून वाख सोडत सोडत मागे सरकत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जायचं. आबांना पासष्ट वर्षं झाली होती, आणि त्यातली पन्नास त्यांनी अशी पाठमोरीच काढली होती. गल्लीतला एकही दगड त्यांना बघावा लागत नसे.

चाक सून फिरवत होती. तिला सगळी गल्ली ‘रेडिओ’ म्हणायची. सकाळी डोळे उघडले की तोंड सुरू, ते रात्री डोळे मिटेपर्यंत. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंना वाटलं होतं, नव्याचे नऊ दिवस, मग होईल गप्प. आता नऊ वर्षं झाली होती.

पण त्या सकाळी रेडिओ बंद होता. आबांनी दोनदा मान वळवून बघितलं. तिसऱ्यांदा थांबलेच.

“काय झालं गं?”

“काही नाही.”

“मग नक्कीच काहीतरी झालंय,” आबा म्हणाले आणि पुन्हा मागे सरकू लागले. विचारायचं ते एकदाच, असा त्यांचा स्वभाव होता.

झालं होतं ते असं. पाऊस नीट पडून तीन वर्षं झाली होती. ज्याच्या त्याच्या विहिरीचं पाणी खाली खाली चाललं होतं. खरं तर दोरवाल्याला हे दिवस सुगीचे असायचे. पण बाजारात प्लॅस्टिकचा दोर आला होता, निळा, चकचकीत. उन्हानं चार महिन्यांत त्याची साल निघते, हात कापतो. पण दुकानात टांगलेला दिसतो ना, लोक तोच उचलतात. बाजारातल्या व्यापाऱ्यानं आबांचा माल घ्यायचं बंद केलं होतं. आणि आदल्या दिवशी तिचा नवरा मुकादमाला शब्द देऊन आला होता. लांब कुठंतरी मोठ्या कारखान्याचं बांधकाम निघालं होतं. तीन आठवड्यांनी सोमवारी पहाटे टेम्पो येणार, आठ महिने तिकडेच.

“आठ महिने?” ती म्हणाली होती.

“जास्त पण होतील,” तो म्हणाला होता. “इथं बसून काय करू? आबांच्या तोंडाकडे बघू?”

नुसतं सूत वळायला दोघं पुरतात. पण तीन सुतं एकत्र आणून विहिरीचा जाड दोर पिळायचा तर तिसरा गडी लागतोच, आणि तोही अंगात जोर असलेला. सासूबाईंना दम लागायचा. म्हणजे नवरा गेला की विहिरीचा दोर गेला; राहिली नुसती पुडे बांधायची सुतळी. आणि दोराचं जाऊ द्या हो, तिला नवरा जायला नको होता. हे ती त्याला एकदा सोडून दहादा म्हणाली होती. तिचं बोलणं घरात कुणी फारसं मनावर घेत नसे, तीच तर पंचाईत होती.

त्याच दुपारी किराणावाल्यानं साखर बांधून दिली त्या कागदावर तिला एका बाईचा फोटो दिसला. कुठल्याशा गावची मेणबत्त्या करणारी. खाली ही एवढी बातमी. साखर डब्यात ओतून तिनं कागद गुडघ्यावर घासून सरळ केला आणि दोनदा वाचला.

“आई, हिचं छापतात, मग आपलं का नाही छापणार?”

सासूबाईंनी कागद लांब धरून बघितला. “बाई गोरी आहे,” त्या म्हणाल्या.

आबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “आपणच आपला ढोल बडवायचा? दोर चांगला असला की माणूस येतो.”

“कुठं येतोय, आबा?”

आबा उठून वाख भिजवायला गेले.

तिनं पेपरला पत्र लिहिलं. आपल्या शाळकरी मुलीच्या वहीतली चार पानं भरली. आमचा दोर उत्तम, आमचा दोर मजबूत, आमच्या सासऱ्यांसारखा कारागीर शोधून सापडणार नाही. आठवडा गेला, उत्तर नाही. रोजचा पेपर चहावाल्याकडे यायचा. ती पाणी भरायला जाता-येता उभ्यानं तो चाळायची. शेवटी चहावाला म्हणाला, “अहो रेडिओताई, मालक मीच झालो की छापतो तुमचं.” लोक हसले. तीही हसली, पण नाकाला मिरच्या झोंबल्याच.

दुसऱ्या दिवशी तिनं दोराचं एक वेटोळं पिशवीत घातलं आणि बस धरून पेपरचं ऑफिस गाठलं.

ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पहिल्या खोलीत जाळीमागे एक कारकून बसला होता. तिनं सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. कारकुनानं ऐकून घेतलं आणि एक छापील कागद पुढं सरकवला.

“जाहिरात. किती ओळींची?”

“जाहिरात नाही हो. बातमी.”

“तुमचा माल चांगला आहे असं तुम्हीच म्हणताय. म्हणजे जाहिरात.” मग त्यानं तिच्या मागच्या माणसाला हात केला. “पुढे या.”

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. चपला नको तिथं काढल्या होत्या, त्याही कुणीतरी पायानं बाजूला सारल्या होत्या. पण बसचं भाडं खर्चून आलेली बाई अशी परत जात नाही. ती सरळ आतल्या खोलीत घुसली.

आत एक जाडसर, अर्धा टकला माणूस डबा उघडून जेवत होता. तोच बातमीदार. त्यानं घास तोंडात असतानाच खुर्चीकडे बोट केलं. तिनं दोर टेबलावर ठेवला.

“बघा. ओढून बघा. तुटत नाही.”

“बाई,” तो घास गिळून म्हणाला, “दोर तुटला नाही, ही बातमी होत नाही. तुटला तर होते.”

“तुटला असता तर मी आले असते का इथं?”

तो हसला. माणूस वाईट नव्हता. “राग मानू नका. तुमचं चार पानी पत्र मीच वाचलं. त्यात तुम्ही आहात, तुमचा दोर आहे. वाचणारा कुठं आहे? सकाळी चहा पिताना त्यानं तुमचा दोर का वाचावा? त्याच्याबद्दल काही असेल तर सांगा.”

तिनं दोर पिशवीत भरला. दारापर्यंत गेली आणि सवयीनं तिथंच उभी राहून बोलत राहिली, निघताना लोक बोलतात तसं.

“बरं, जाते. बस चुकली तर घरी बोलणी बसतील. आणि दोर तरी कसला म्हणा, पूर्वी दोन्ही हात पसरून मोजलेला बारा वावांचा दोर नेणारी माणसं आता एकोणीस वाव मागतात, उचलून नेता नेता घाम निघतो त्यांना…”

बातमीदाराचा हात डब्यातच थांबला. “बारा होते, हे तुम्हाला कसं ठाऊक?”

“मला नाही, आबांना. भिंतीवर दोऱ्या आहेत ना त्यांच्या. एकेका विहिरीची एकेक. दोर दिला की तेवढ्या गाठी मारून ठेवतात. एक वाव, एक गाठ. पुढे दोर वाढवला की चार बोटं जागा सोडून आणखी गाठी. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून.”

“किती वर्षांच्या?”

“लग्नाआधीपासूनच्या. त्यांच्या हो, माझ्या नाही.”

बातमीदारानं डबा झाकला. “गुरुवारी येतो,” तो म्हणाला. “फोटोवाल्याला घेऊन.”

परतताना बसमध्ये तिनं शेजारणीला सांगितलं, कंडक्टरला सांगितलं. गावात उतरल्यावर चहावाल्याला तर थांबून सांगितलं. गुरुवारी पेपरवाले येणार! घरी येऊन सासूबाईंना म्हणाली, “आई, घर लख्ख झालं पाहिजे. भिंतीसुद्धा.” आणि मग पाहुण्यांना बसायला बाक कुणाकडून आणायचा, आबांचा सदरा कुठला, मुलीच्या वेण्या कुणी घालायच्या, यात तिचे दोन दिवस गेले.

गुरुवारी बातमीदार आला तेव्हा गल्ली झाडून आरशासारखी केलेली होती. वाखाचा एक तंतूही कुठं नव्हता. चाकाला चादर घातली होती. आबा लग्नातल्या कोटात ताठ बसले होते; कोट काखेत इतका घट्ट होता की हात खाली येत नव्हते. नवरा कोपऱ्यात उभा होता, तोंडावर ‘हे काय चाललंय’ असा भाव. फोटोवाल्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि विचारलं, “इथं नक्की काय बनतं?”

“आधी दोऱ्या बघू,” बातमीदार म्हणाला.

ती ऐटीत आत गेली. पाठोपाठ तिची किंचाळीच ऐकू आली.

भिंत कोरी होती. चुन्याचा नवा हात दिलेली, पांढरीफटक.

“आई, दोऱ्या? इथल्या दोऱ्या कुठं आहेत?”

“त्या होय?” सासूबाईंनी कौतुकानं खुंटीवरचा एक गोळा काढला, नारळाएवढा, गोल गरगरीत. “किती धूळ बसली होती गं! सगळ्या धुतल्या. गाठी सोडवायला दोन दिवस लागले मला, नखं गेली माझी. एक तुकडा वाया घालवला नाही. चांगली सुतळी आहे, दहा वर्षं पुरेल.”

दोर वळणाऱ्याच्या घरातली बाई ती. तिच्या हाताला गाठ लागली की सोडवायची आणि तुकडा दिसला की गुंडाळायचा. आयुष्यभर हेच केलेलं.

“आई! ते बघायलाच तर माणूस आलाय!”

सासूबाईंचा चेहरा उतरला. “मला कुठं कुणी सांगितलं,” त्या हळूच म्हणाल्या.

आणि ते खरंच होतं. साऱ्या गावाला सांगणाऱ्या बाईनं घरातल्या घरात सांगितलं नव्हतं. चूक सासूबाईंची नव्हती, तिची होती, आणि आता सोमवारी टेम्पो येणार होता. ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि भडभडून रडायला लागली. कोपऱ्यातून नवरा पुढं झाला, तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेला आणि परक्या माणसांसमोर लाजून तसाच उभा राहिला.

बातमीदारानं घड्याळ बघितलं.

आबा उठले. आधी कोट काढला. तो सहजी निघेना, फोटोवाल्यानं एक बाही ओढली. मग त्यांनी सासूबाईंच्या हातातला गोळा घेतला, जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाले, “कात्री आण. आणि ये, बस समोर. तू सोडल्यास ना? आता टोक धर.”

“तुम्हाला आठवतंय सगळं?” सासूबाईंनी डोळे पुसत विचारलं.

“माझ्या हातानं दिलेत दोर. मला नाही आठवणार?”

त्यांनी पहिली गाठ मारली. “सुताराची विहीर. अकरा.”

“बारा,” सासूबाई म्हणाल्या.

“अकरा.”

“अहो बारा! थोरली पोटात होती माझ्या. दोर मी वाहून नेला होता त्यांच्याकडे, तुम्ही तापानं पडला होता. बारा वाव होता, माझी कंबर अजून सांगते.”

आबांनी क्षणभर डोळे मिटले. बोटं हवेत हलली. “बारा,” ते म्हणाले आणि एक गाठ आणखी मारली.

मग दोघंही थांबेनात. शाळेची विहीर नऊ, मास्तरांनी दोर उधार नेला आणि बदल्यात थोरलीला पाढे शिकवले. पाच वर्षांनी दोन वाढले. मागच्या उन्हाळ्यात आणखी चार. गवंड्याची विहीर चौदा. त्याची बायको गेली त्या वर्षी त्यानं दोर नेलाच नाही, शेजारीच त्याला पाणी द्यायचे. दाईची विहीर सात, सगळ्यांत उथळ, पोरंसोरंसुद्धा पाणी ओढायची. आता? आता सोळा. सासूबाई टोक धरून होत्या, आबा गाठी मारत होते, मधेच भांडत होते, मधेच हसत होते. नऊ वर्षांत सुनेनं आबांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. ती रडायचं विसरून ऐकत बसली. नवराही खाली बसला. दाराबाहेर गल्ली जमली होती आणि आपापल्या विहिरीचा आकडा ऐकून एकेक जण उंबऱ्याजवळ सरकत होता.

अडीच तासांत चौतीस दोऱ्या झाल्या. बातमीदाराची वही निम्मी भरली होती. पण शेवटी पेपरवालाच तो.

“आबा, रागावू नका. हे सगळं मनचं नाही, हे मी कशावरून मानायचं?”

आबा उठले, एक नवा लांब दोर खांद्यावर टाकला आणि चालू लागले. सगळी वरात मागे. पहिली विहीर सुताराची. आबांनी बादली सोडली, पाण्याला टेकल्याचा आवाज आला तसा दोर धरला आणि वर ओढताना हात पसरून पसरून मोजला. एकोणीस. दोरीत सात गाठी वाढीव होत्या. बारा अन् सात, एकोणीस. बातमीदारानं स्वतः मोजून बघितलं. त्याचे हात आखूड, त्याचे वीस भरले. लोक हसले.

मग शाळेची. पंधरा, बरोबर. मग दाईची. दोरीवर सोळा होते. आबांनी मोजलं, पुन्हा मोजलं. सतरा.

“एक चुकला,” फोटोवाला म्हणाला.

“चुकला नाही,” आबा म्हणाले. “महिन्यापूर्वी मी सोळा दिला होता. वावभर पाणी महिन्यात गेलं.”

दाई दारात उभी होती, हातात रिकामी घागर. फोटोवाल्यानं तेवढ्यात आबांच्या हातांचा फोटो काढला, ओल्या दोरासकट.

निघताना रेडिओनं बातमीदाराच्या स्कूटरचं हँडल धरलं. “पत्ता छापा हो.”

“बातमीत पत्ता नसतो, बाई.”

“मग लोकांना कळणार कसं?”

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे. चाक फिरवून तळव्याला पडलेले घट्टे काळे झाले होते. “बघतो,” तो म्हणाला.

रविवारी आलं. पहिल्या पानावर! आबांचे हात आणि वर मोठ्या अक्षरांत, पाणी कुठं चाललंय. चहावाल्यानं पेपर स्वतः घरी आणून दिला. नवऱ्यानं मोठ्यांदा वाचलं. विहिरी होत्या, वर्षं होती, सासूबाईंची कंबरसुद्धा होती. दोर कसा, किती मजबूत, यावर एक अक्षर नाही. रेडिओचा जीव खाली-वर होत होता. अगदी शेवटी एक ओळ आली: ‘गिरणीमागच्या गल्लीतले हे दोरवाले आजही हातानं दोर वळतात, आणि तुमच्या विहिरीचा दोर त्यांनी दिला असेल, तर तुमचं पाणी किती होतं हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे.’

“मेल्यानं पत्ता घातला की!” ती टाळी वाजवून ओरडली.

दुपारपासून माणसं यायला लागली. कुणी सायकलवरून, कुणी बैलगाडीतून. आमच्या वडिलांच्या वेळी किती वाव होतं हो? आबा भिंतीवरची दोरी काढून द्यायचे. माणूस गाठी मोजायचा, उसासा टाकायचा आणि जाता जाता म्हणायचा, चार वाव वाढवून द्या, नाहीतर नवाच द्या, त्या निळ्यानं हात सोलून काढलेत. संध्याकाळपर्यंत अकरा दोर सांगून झाले होते. रेडिओ दमून भिंतीला टेकली.

“अकरा!” ती नवऱ्याला म्हणाली. “आता नाही ना जात?”

तो पिशवीत कपडे भरत होता. “आज अकरा आले. उद्या? पेपर शिळा झाला की कोण विचारतंय? आणि मुकादमाला शब्द दिलाय.”

“शब्द, शब्द! मला काय दिलंय मग?”

त्यानं पिशवीचे बंद आवळले. त्याचा स्वभाव आबांवर गेला होता.

सोमवारी उजाडता उजाडता टेम्पो गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला. मागे दहा-बारा माणसं दाटीवाटीनं बसली होती. मुकादमानं भोंगा वाजवला. नवऱ्यानं झोपलेल्या मुलीच्या केसांवरून हात फिरवला, आईच्या पाया पडला, आबांच्या पाया पडला. आबांनी नेहमीसारखं नुसतं “हं” केलं. बायकोकडे त्यानं बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय निघाला नसता. तो टेम्पोत चढला, पिशवी मांडीवर घेऊन बसला. ती मागे मागे गेली. तिला पुष्कळ बोलायचं होतं, पण सगळं आधीच बोलून झालं होतं.

टेम्पो सुरू झाला तेवढ्यात मागून कुणीतरी फळीवर थाप मारली.

आबा होते. अनवाणी, बनियनवर. धावत आल्यामुळे छाती भात्यासारखी हलत होती.

“थांबव रे,” ते मुकादमाला म्हणाले. मग मुलाकडे बघितलं. दहा-बारा परकी माणसं बघत होती.

“काही राहिलं का, आबा?” मुलानं विचारलं.

“जाऊ नकोस.”

“आबा, अकरा दोरांपुरता कुणी गडी—”

“दोर खड्ड्यात गेले,” आबा म्हणाले. “दोरांसाठी नाही सांगत. अकरा असोत नाहीतर एक नसो. तू घरात नसलास की मला करमत नाही रे. मागे तू सहा महिने गेला होतास, तेव्हा मी रोज या कोपऱ्यापर्यंत येऊन परत जायचो. विचार तुझ्या आईला.”

मुलगा बघतच राहिला. बत्तीस वर्षांचा माणूस, त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“मग कधी बोलला का नाहीत, आबा?”

“तुला ठाऊक असेल असं वाटलं मला.”

“मला कसं ठाऊक असणार?” तो म्हणाला. “मला वाटायचं, मी घरात असलो काय नि नसलो काय, तुम्हाला सारखंच.”

आबांनी दोन्ही हात वर केले आणि मुलाच्या मांडीवरची पिशवी स्वतः खाली घेतली.